जास्तीची बाळं

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या माणसावर कर्णिकसरांचा मुळीच विश्वास नाही. "एका शितावर काय विसंबता? चारी कडांची घ्या," म्हणतात. आमच्याकडे जेवायला आले की खरोखरच ताटातल्या भाताची चार ठिकाणची शितं चेपून बघतात. त्या वेळी आमच्या हिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तळेगावात ते माझे शेजारी. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, घरात एकटे. कोणतं सरकारी आरोग्य केंद्र किती चांगलं चालतं, हे आकड्यांवरून ठरवणारं एक मॉडेल त्यांनी कुठल्याशा संस्थेसाठी बांधलं होतं. त्याचा विषय निघाला की चहा गार झालाच म्हणून समजा.

एका सकाळी ते तणतणतच आले. टाकव्याच्या पलीकडच्या एका केंद्रात गरोदर बायकांची नोंद थोडी आणि बाळंतपणं मात्र त्याहून जास्त, असं मॉडेल दाखवत होतं. "आकडे शिजवलेत," सर म्हणाले. तसा अहवाल गेला असता तर तिथल्या सिस्टरची नोकरीच जायची. मी म्हटलं, आधी जाऊन तर बघू. गाडी माझी असल्यामुळे त्यांना ऐकावं लागलं.

वॉर्डात एक पोरसवदा बाळंतीण बाळाला कुशीत घेऊन पडली होती, उशाशी तिची आई. सरांनी परीक्षकाच्या आवाजात विचारलं, नाव कुठल्या केंद्रात घातलं होतं? पोरीनं चाकणकडचं सांगितलं. मग इथं कशी, म्हणून सर तिच्याकडे रोखून बघू लागले.

आईच म्हणाली, "तितं नांदतीया ती, सर. पयलं बाळंतपण माहेरीच असतं न्हवं?"

अख्ख्या मावळाला ठाऊक असलेली गोष्ट मॉडेलात घालायची राहून गेली होती. बाहेर आल्यावर अहवालाचं विचारलं, तर तो पुन्हा लिहितो म्हणाले.

परतताना वडगाव येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते. चूक मनाला लागली असेल, असं मी धरून चाललो.

"आमच्या मुलीचं बाळंतपण सासरी झालं," ते एकदम म्हणाले. "आमची ही गेल्यानंतर. फोनवर म्हणाली, बाबा, तुमच्याकडे माझं कोण करणार? मी म्हटलं, बरोबर आहे तुझं."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी उगाचच गाडी हळू केली.

"ती अडचण सांगत नव्हती हो," सर म्हणाले, "विचारत होती. मी नुसतं 'ये' म्हणायला हवं होतं."