फिलिप म्हणजे मुकुट

जन्मदाखल्यावर बाळाचे नाव नोंदवून पुस्तकबांधणीकार विजयी मुद्रेने घरी परतले. नाव फिलिप. ज्या ग्रीक नावांच्या कोशातून ते निवडले, तो त्यांनी स्वहस्ते बांधला होता आणि त्यात स्पष्ट छापले होते, फिलिप म्हणजे मुकुट.

पाळण्याशी बसलेल्या शिक्षिका मेहुणीने भुवया उंचावल्या. "मुकुट कुठला, भाओजी? मुकुट म्हणजे स्टीफन. फिलिप म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा."

"छापील शब्दावर शंका?" असे म्हणत त्यांनी कोश उघडला आणि ते पानांचे आकडे तपासू लागले. नाव एका पानाच्या तळाशी होते, अर्थ पुढच्या पानाच्या माथ्यावर. आणि एकशे बारानंतर थेट एकशे एकोणतीस. शिवताना सोळा-सोळा पानांच्या जुड्या, म्हणजे दोन फर्मे, त्यांनीच एकमेकांच्या जागी बसवले होते. हजार प्रती बाजारात गेल्या होत्या.

"एवढं काय त्यात? घोडे काय वाईट असतात?" पत्नी म्हणाली.

"घोड्यांचं नाही गं. आधीच्या कारागिराला आमच्या प्रकाशक मालकांनी एका उलट्या पानापायी घरी बसवलं."

"मग गप्प बसा. अर्थ विचारायला कोण येतंय?"

दुसऱ्याच दिवशी मालकांनी बोलावले. टेबलावर तोच कोश.

"नातवाचं नाव यातून ठेवलं. थिओडोर. घोड्यांवर प्रेम करणारा म्हणे. हौसेनं तट्टू आणलं. पोर त्याला बघून भोकाड पसरतं आणि तट्टूनं माझी बाग फस्त केली. या लेखकाचं पुढचं हस्तलिखित आजच परत धाडतोय."

सुटकेचा मार्ग असा आयता समोर उभा होता. लेखकाला दोष देणारे दोन शब्द बोलले की प्रकरण मिटत होते. परंतु त्या गरीब विद्वानाने अकरा वर्षे खपून कोश रचला होता. बांधणीकारांची जीभ रेटेना.

"साहेब, लेखक बरोबर आहे," ते खालमानेने म्हणाले. "फर्मे मी चुकवले. थिओडोर म्हणजे देवाची देणगी."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुमच्या चिरंजीवांचं नाव काय ठेवलंत?"

"फिलिप."

"त्याचा खरा अर्थ?"

"घोड्यांवर... प्रेम करणारा."

मालकांच्या चेहऱ्यावरचा बागेचा शोक प्रथमच ओसरला. "नोकरी राहील. सगळ्या प्रती परत मागवून सुट्टीच्या दिवशी पुन्हा शिवा. आणि जाताना तट्टू घेऊन जा."

"साहेब, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"चढतंय ते. माझ्या गच्चीवरच्या कुंड्यांतली झाडंही त्यानंच खाल्ली."