मांडी घालून जेवता येतं का?

कोंडिबामामांना प्रश्न विचारला, की ते तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. वर एक अक्षर नाही. मी पुण्याच्या एका हॉस्पिटलात संशोधनाचे फॉर्म भरते. खुब्याची वाटी फुटून ऑपरेशन झालेली माणसं पुढं कशी वावरतात, हे दर सहा महिन्यांनी फोन करून, वेळ पडली तर घरी जाऊन विचारायचं. राहते भोरला, म्हणून वेल्ह्याकडचे सगळे पेशंट माझ्या गळ्यात!

मामा तिकडच्या पाली गावाच्या वर एका वाडीत म्हशी राखतात. म्हशीमागं धावताना उतारावरून घसरले आणि वाटीचे तीन तुकडे झाले. डॉक्टरांनी प्लेट टाकून ते जुळवले.

"मामा, जिना चढताना दुखतं का?"

"हितं जिना न्हाई."

"मग डोंगर चढताना?"

"डोंगराचं कागदावर हाय का?"

नव्हतं. मी मुकाट्यानं 'लागू नाही' लिहिलं. मोजे घालता येतात का विचारलं, तर म्हणाले, "खुबा मोडायच्या आदी बी कदी घातलं न्हाईत." मागून मामी ओरडल्या, "अवं, त्या पोरीला नीट सांगा की!" खरं तर मामींमुळेच माझे फॉर्म पुरे व्हायचे.

'मांडी घालून जेवायला बसता येतं का?' हा प्रश्न आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम घातलेला. त्याला मामांचं कायम "व्हय, झ्याक!" या खेपेला मात्र म्हणाले, "न्हाई." डॉक्टर धास्तावले, सांधा झिजला की काय! एक्स-रेला बोलावलं तर मामा येईनात. शेवटी मीच वैतागत वाडी चढले. चांगलं सुनावायचं ठरवूनच.

मामा अंगणात चक्क मांडी घालून म्हशीचं दावं वळत बसले होते. माझं डोकंच फिरलं.

"मामा, खोटं का सांगितलंत?"

"खोटं कशाला सांगू? बसाया येतं. जेवाया न्हाई." त्यांनी दाव्यावरची नजर काढली नाही. "ती गेल्यापास्नं उभ्यानंच खातो. खाली बसलं की समोरची जागा दिसती."

मामींना जाऊन चार महिने झाले होते, हे मला तेव्हा कळलं. मी फोनवर सगळा फॉर्म वाचून दाखवला होता, आणि मागून कुणी ओरडलं नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मी आत गेले, टोपल्यातली भाकरी काढली, कालवण वाढलं आणि दोन ताटं समोरासमोर ठेवून एका ताटापाशी बसले. मामा बराच वेळ दारात उभे राहिले. मग आले आणि सावकाश मांडी घालून बसले. भाकरी मोडली. आम्ही जेवलो.

हात धुऊन मी पिशवीतला फॉर्म काढला. "काय लिहू, मामा?"

त्यांनी माझ्या रिकाम्या ताटाकडं पाहिलं.

"आजच्यापुरतं 'व्हय' लिवा, ताई."