दुकानागणिक चौदा दिवस

मांजरसुंब्याच्या चौकातला हरिबाचा ढाबा त्याच्या वाटीवर चालत होता. रोज सकाळी उपाशीपोटी, गिऱ्हाइकांच्या देखत तो पातेल्यातला लालभडक रस्सा वाटीभर घेई, एका दमात पिई आणि मिशीवरून हात फिरवून म्हणे, "झणझणीत हाय. पण छातीत काय बी न्हाई." दारावरच्या पाटीवर तेच रंगवलं होतं: पोटभर खा, जळजळ विसरा. त्या वाटीच्या भरवशावर ट्रकवाले रस्सा ओरपत.

खरी गोष्ट अशी की वाटी पिऊन अर्धा तास होतो न होतो तोच हरिबाच्या छातीत चूल पेटायची. हे बाहेर फुटलं तर ढाब्याला कुलूप लागेल, हे तो ओळखून होता. म्हणून नारायणगडाच्या दर्शनाचं निमित्त काढून तो नेकनूरला गेला. तिथल्या औषध दुकानातल्या जावेदभाईनं पित्ताच्या कॅप्सूल देताना बजावलं, सकाळी नाष्ट्याच्या अर्धा तास आधी एक, आणि चौदा दिवसांच्या वर घ्यायची नाही. तरी जळजळ राहिली तर डॉक्टर गाठायचा.

हरिबा नियमाचा पक्का. चौदा दिवस संपले, जळजळ परतली, तसं त्यानं जावेदचं दुकान सोडलं आणि गेवराईला मंजुषाताईंच्या दुकानात गेला. त्यांनीही चौदाच दिवस सांगितले. तेही त्यानं पाळले. मग पाटोदा, मग बीड, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तीच फेरी. एकाही दुकानाची मुदत त्यानं एका दिवसानंही ओलांडली नाही, आणि याचा त्याला मनापासून अभिमान होता. दुसऱ्या फेरीत नेकनूरला त्यानं मेव्हण्यासाठी म्हणून कॅप्सूल मागितल्या, एवढंच. दर खेपेला देवदर्शनाचंच निमित्त असे, आणि बायको बायनाबाई नवऱ्याची ही वाढती भक्ती नुसती बघत होती.

एके दुपारी औषध दुकानदारांची बीडमधली सभा आटोपून वीसेक जण जेवायला ढाब्यावर उतरले. वाटीची कीर्ती ऐकून ते आले होते, त्यांनी आग्रह केला, आणि हरिबानं ऐटीत वाटी तोंडाला लावली. तेव्हा कुठे त्याला समोर बसलेला जावेद दिसला.

"हरिबाभाऊ, तुमचा ढाबा हाय व्हय हा? मेव्हण्याची जळजळ कशी हाय?"

"मेव्हण्याची कशाला?" शेजारच्या टेबलावरून मंजुषाताई म्हणाल्या. "यांना स्वतःलाच होती. माझ्याकडून चौदा दिवसांच्या नेल्यात."

पाटोद्याच्या दुकानदारानं मान वर केली. बीडच्यानंही केली. चौघांनी बोटांवर महिने मोजले, ते चार भरले. हरिबानं वाटी खाली ठेवली आणि छातीठोकपणे सांगितलं की त्यानं प्रत्येकाचा शब्द पाळला होता.

"अहो, चौदा दिवस पोटाला सांगितले होते, दुकानाला नाही," मंजुषाताई म्हणाल्या. इतके दिवस कॅप्सूल आग नुसती दाबून ठेवते, आत काय बिघडलंय ते कळतच नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

कोपऱ्यातल्या ट्रकवाल्यानं हातातला घास ताटात ठेवला. आता पाटी उतरवावी लागणार, असं हरिबाला वाटलं.

तेवढ्यात बायनाबाई पळी घेऊनच बाहेर आली. "रश्श्याला बोल लावू नका. यांच्या खिशात पाकिटं सापडली, त्या दिसापासनं मी तिखट निम्मं केलंय. चार महिने झाले."

ट्रकवाल्यानं थोडा विचार केला, मग घास उचलला आणि आणखी रस्सा मागितला. चार महिने रोज सकाळी 'झणझणीत' म्हणणारा हरिबा मात्र वाटीकडे बघत राहिला.

"मंग मला जळतंय कशानं?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"तेच तर डॉक्टरला इचारायचं हाय," जावेद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायनाबाईनं त्याला स्वतः बीडला नेलं. डॉक्टरांनी विड्या, चहा आणि जेवल्याबरोबर आडवं होणं, सगळं विचारून घेतलं. दुर्बिणीची तपासणी ठरवली, उपाशीपोटीची वाटी बंद केली, नवं औषध लिहून दिलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. हरिबानं चिठ्ठी नीट वाचली. त्याचा गेलेला आत्मविश्वास परत आला होता.

"तीन आठवडे तुमच्याकडं, डॉक्टर. पाळतो. त्याच्या पुढचे तीन कुणाकडं?"

बायनाबाईनं त्याच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.