महिपतीचा पियानो आणि कऱ्हेचे कावळे

सेक्रेटरीसाहेब, महिपतीच्या दहाव्याला कावळा शिवेना, याला जबाबदार तुम्ही! क्लबातल्या पियानोला कुलूप घातलंत तुम्हीच. बारामती-इंदापूरला रॉक अँड रोल म्हणजे काय हे ज्यानं पहिल्यांदा ऐकवलं, तो माणूस शेवटची सहा वर्षं घरच्या पत्र्याच्या टेबलावर बोटं बडवत मेला.

त्याचा गुन्हा काय? एका समारंभात तो रंगात आला, उभ्यानं वाजवू लागला, बुटाची टाच पट्ट्यांवर आपटली आणि लाथेनं मागं सारलेलं स्टूल पाहुण्यांच्या नडगीवर बसलं. पाहुणे हसले. तुम्ही नाही हसलात.

तर गेल्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, दहाव्याच्या सकाळी कऱ्हेच्या काठावर पिंड मांडून सगळं गणगोत बसलं होतं. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एक खाली येईल तर शपथ!

महिपतीचा चुलतभाऊ आबाजी हात जोडून पुढं झाला. "महिपा, पोरीचं लगीन आमी करतो. जा आता."

कावळे ढिम्म.

"वहिनीला अंतर देणार न्हाय."

ढिम्म.

"बांधाचं भांडण मिटवतो!"

एका कावळ्यानं मान फिरवली. "त्यालाबी पटलं न्हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

ऊन चढलं. भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतं."

महिपतीची बायको भामाबाई उसळून उठली. "सहा वर्सं टेबलाला पियानो म्हनून काढली त्यांनी! आता कावळा तरी खरा येऊ द्या. जीव त्यांचा क्लबात अडकलाय."

"काका, पियानो आणतो!" पुतण्या बिरदेव ओरडला. आणि एक कावळा चक्क खालच्या फांदीवर आला.

"आयकलं रं, आयकलं!"

पण तो तिथंच बसून राहिला. आबाजी खेकसला, "नुस्त्या आश्वासनावर यायला त्यो काय मतदार हाय व्हय? आणा जावा!"

उसाची ट्रॉली घेऊन मंडळी क्लबावर धडकली. राखणदार गेणबा आडवा झाला. "साहेब जेवायला गेल्यात. किल्ली त्यांच्याकडं. कुणाला पायजे पियानो?"

"महिपतरावांना."

गेणबानं दार सोडलं. "किल्ली न्हाय," तो म्हणाला, "पण पहार हाय."

रस्ता आपलाच, खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला ट्रॉलीतला पियानो आपोआप दणाणायचा. लोकांना वाटलं मिरवणूक. घाटावर पोचेपर्यंत अर्धी पेठ मागं लागली होती.

पियानो उतरला, स्टूल ठेवलं आणि सगळे एकमेकांकडं बघू लागले. वाजवणार कोण?

"भटजी, तुमाला येतं का?"

"अहो, मला साधी पेटी येत नाही!"

भामाबाईनं पदर खोचला. "टेबलाच्या दुसऱ्या अंगाला रोज कोण बसत हुतं? सरका."

आणि तिनं जो दणका दिला! फेटे डोलले, टोप्या उडाल्या, भटजींचा पाय ताल धरू लागला. पलीकडं कपडे धुणाऱ्या बाया धुणी टाकून आल्या. कावळे मात्र घाबरून पार नदीपल्याड पळाले. भामाबाईला त्याचं भान कुठलं? ती उभी राहिली, अनवाणी टाच पट्ट्यांवर आपटली आणि लाथेनं स्टूल मागं सारलं.

ते बसलं धावत आलेल्या तुमच्या नडगीवर, साहेब.

"आई गं! बंद करा हे! पियानो आत्ताच्या आत्ता क्लबात न्या!"

"नेऊ की," भामाबाई धापा टाकत म्हणाली. "पण कावळा शिवल्याबिगर हितनं पट्टीबी हलायची न्हाय."

तुम्ही गर्दीकडं पाहिलंत. उन्हात तापत चाललेल्या पियानोच्या पॉलिशकडं पाहिलंत. मग एका पायावर उभं राहून, दुखरा पाय वर उचलून, दोन्ही हात जोडलेत आणि नदीपल्याड ओरडलात, "महिपतराव, पुन्हा कुलूप घालत नाही! पियानो सगळ्यांसाठी उघडा ठेवतो! या हो!"

एक कावळा नदीवरून सरळ आला आणि शिवला. दहाव्याला असा जल्लोष बारामतीनं कधी ऐकला नव्हता. भामाबाई रडत होती आणि हसतही होती.

पुढच्या सोमवारी तुम्ही नवं कुलूप घातलंत. आधीपेक्षा मोठं.

आता वर्षश्राद्ध आलंय. भामाबाई पुन्हा पान वाढणार, बाभूळ तीच, कावळे तेच. शब्द तुम्ही दिला होता, आम्ही नाही. मग त्यांना काय सांगायचं, साहेब? बोला!