उतरत्या उन्हाचा गाइड

भोयरजींसमोर कोणत्याही प्राध्यापकाचं नाव घ्या, ते विषय विचारत नाहीत, विद्यापीठ विचारत नाहीत. "उमर काय हाये त्याची?" एवढंच विचारतात. आष्टीला एका बारशात मी त्यांची एका प्राध्यापकाशी ओळख करून दिली. भोयरजींनी नमस्काराच्या आधी जन्मसाल विचारलं, मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "मंग तुमी अजून तीन वर्सं पुरता." प्राध्यापकांनी हातातली बुंदी खाली ठेवली.

भोयरजी माझे बोरगाव मेघेतले शेजारी. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घरात एकटेच असतात. पीएच.डी. झालेल्या पोरांना पुढच्या संशोधनासाठी दोन-तीन वर्षांची फेलोशिप मिळते. पण अर्ज करताना, 'हा माझ्याकडे काम करील' अशी एखाद्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाची संमती जोडावी लागते. तो प्राध्यापक, म्हणजे गाइड, शोधून द्यायचा हा भोयरजींचा उद्योग. फुकट. वर चहाही तेच पाजतात.

त्यांचे नियम ठरलेले आहेत. गाइडला ईमेल पाच ओळींचाच. "जास्त लिहाल तर वाचत नाई, कमी लिहाल तर इज्जत देत नाई." विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा फोटो खरा धरायचा नाही. "केस काळे दिसून राह्यले, पण कॉलर पाहा. अशी कॉलर आता कोन शिवते?" कॉलरीवरून ते फोटोचं साल काढतात, आणि सहसा चुकत नाहीत.

आणि सगळ्यात मोठा नियम, गाइड उतरत्या उन्हाचा पाहावा. "दुपारचं ऊन अंगाले लागते. संध्याकाळचं बसू देते. म्हातारा गाइड तुमच्या पेपरवर सोताचं नाव पुढं नाई रेटत." मला हे पटायचं. नोकरीत मीही दुपारचं ऊन सोसलं आहे.

आमची गाडी अडली ती माझ्या भाचीवरून. शीतल आंजीची, माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची मुलगी. गुलाबी बोंडअळीवर पीएच.डी. केलेली. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार, म्हणून अर्जाची यंदाची संधी शेवटची. दोन गाइड तयार होते. एक कोइंबतूरचे, निवृत्तीला आलेले. दुसऱ्या हरियाणातल्या मॅडम, ज्यांचं सगळं काम बोंडअळीवरच. भोयरजींनी मॅडमचा वेबसाइटवरचा फोटो पाहून मान हलवली.

"नाई जमत. लहान हाये लय."

"अहो, पण विषय तिचाच आहे," मी म्हणालो.

"विषय शिकता येते, झाडेजी. उमर नाई शिकता येत."

मी घरी येऊन आकडे मांडले. फेलोशिप तीन वर्षांची. ती संपेपर्यंत गाइड नोकरीत असला पाहिजे, हा नियम. कोइंबतूरच्या सरांची उरलेली नोकरी तीन वर्षं आणि थोडे दिवस. निकाल जरा लांबला की शीतलचा अर्ज बाद. मग मी भोयरजींनी आजवर जमवलेल्या जोड्या आठवल्या. प्रत्येकीत फेलोशिप संपते त्याच सुमाराला गाइड निवृत्त होत होता. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं.

त्यांनी कपातला चहा हलवला. "गाइड रिटायर झाला का लॅब बंद होते," ते म्हणाले. "लॅब बंद झाली का पोरगं घरी येते."

त्यांचा मुलगा विवेक कॅनडात असतो, हे मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं.

"विवेकचा गाइड मीच पाह्यला. माह्या हातचा पयला. चाळीसचा होता. रोज पोहाले जाते म्हने. म्या म्हटलं, बरं झालं, तबेत चांगली हाये."

"मग?"

"मंग काय. चांगलीच हाये अजून."

मी म्हणालो, "भोयरजी, निकाल लांबला तर शीतलचा अर्ज जातो. पुन्हा मिळत नाही." याहून जास्त मला बोलता येत नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ते स्वतःच आमच्याकडे आले. शीतल लॅपटॉप उघडून बसली होती, सुमन आंजीहून आली होती. भोयरजींनी हरियाणाला फोन लावायला लावला आणि आपल्या हिंदीत बोलले. पोरीला एखाद्या सणाला सुट्टी मिळेल का, मेसच्या जेवणात भात असतो का. शेवटी वय विचारलंच. मॅडम हसून म्हणाल्या, "अड़तीस."

भोयरजींनी फोन ठेवला. वजाबाकी केली असावी. मोठी आली असणार.

"जमते," ते शीतलला म्हणाले. "इचंच नाव भर."

अर्ज गेला. सुमननं त्यांना चहा दिला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. दारात चपला घालताना ते तिच्याकडे वळले.

"सुमनबाई, पोरगी तिकडून फोन करन. तिले 'केव्हा येतं' म्हून नका इचारत जाऊ."

"काऊन जी?"

"इचारलं का फोन आखूड होत जाते," ते म्हणाले. "पानी किती पडलं ते सांगा. कापूस कसा हाये ते सांगा. मंग बोलते."