दोन मीटर मान्य केबल

घरावर सौरऊर्जा यंत्रणा बसवण्यासाठी ऊन, गच्ची आणि छायाचित्र या तीन गोष्टी आवश्यक असतात. पैकी पहिल्या दोन गोष्टींबाबत वीज कार्यालयाचे धोरण उदार आहे.

नागपुरात उन्हाची टंचाई नसल्याने आणि हुडकेश्वर भागात स्वतःच्या मालकीची गच्ची असल्याने निवृत्त विज्ञान शिक्षक श्री. चंद्रभान ठवकर यांनी मार्च महिन्यात अशी यंत्रणा बसवण्याचा निर्णय घेतला. कारण घरगुती होते. गेल्या मे महिन्यात त्यांच्या पत्नी वच्छलाबाई भरदुपारी ओट्याजवळ कोसळल्या होत्या. ऊन लागले होते. तीन दिवस सलाईनवर काढल्यावर डॉक्टरांनी बजावले, की यापुढे उन्हाळाभर अकरा ते पाच यांनी थंड खोलीतच राहायचे; पुन्हा असे झाले तर मी शब्द देऊ शकत नाही. वीज मात्र हुडकेश्वरात नेमकी अकरा ते पाच याच वेळेत विश्रांती घेते. तेव्हा गच्चीवर पॅनेल, जिन्याखाली इन्व्हर्टर व बॅटरी आणि मधल्या खोलीत एसी, असे ठरले. मुदत एप्रिलअखेरची.

काम जितेंद्रकडे सोपवण्यात आले. जितेंद्र हा सरांचा माजी विद्यार्थी. विज्ञानात पस्तीस गुण मिळवून त्याने या क्षेत्रात प्रवेश केला होता. तो मोटारसायकलवर केबलचा ड्रम बांधून आला.

"गच्चीपासून जिन्याखालपर्यंत अंतर किती भरलं?" सरांनी विचारले.

"पाहूनच समजते ना सर. वीसेक मीटर."

सरांनी टेप लावला. अठ्ठावीस भरले. मग त्यांनी कागदावर प्रवाह, लांबी, उन्हात तापलेल्या गच्चीचे तापमान वगैरे मांडून गणित सोडवले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. सहा एमएमची केबल.

"सहाचीच आणली सर. हे पाहा, वरतं छापून आहे."

सरांनी केबलचे टोक सोलले, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या तारा मोजायला घेतल्या. असल्या सहा एमएमच्या केबलमध्ये केसासारख्या बारीक चौऱ्याऐंशी तारा असतात. एकतीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसाला गैरहजेरी लवकर कळते.

"एकावन्न," सर म्हणाले.

"तारा कोण मोजते सर?"

"मी मोजतो. तेहतीस कुठं गेल्या?"

जितेंद्रने ड्रमकडे असे पाहिले, जणू त्या आत्ताच कुठे चहा प्यायला गेल्या असाव्यात.

सर स्वतः महाल भागातल्या बाजारात गेले आणि चार दुकानांत टोके सोलून पाचव्या दुकानातून चौऱ्याऐंशी तारांची केबल घेऊन आले. कनेक्टरचेही तसेच. वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत 'कट्' आवाज करून बसतात, वरून संसार सुखाचा दिसतो आणि आतून सांधा तापत राहतो. म्हणून सरांनी दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे कनेक्टर घेतले. जितेंद्र ते पकडीने दाबायला निघाला, तर त्याला दाबयंत्र आणायला परत पाठवले. प्रत्येक सांधा ओढून पाहिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात यंत्रणा उभी राहिली. ती पूर्णपणे निर्दोष होती. अडचणींना तेथून प्रारंभ झाला.

नियमानुसार तपासणी झाल्याशिवाय यंत्रणा सुरू करता येत नाही आणि तपासणी मोबाईलवरच्या ॲपमधून, केबलचे छायाचित्र पाठवून होते. त्या दिवशी जितेंद्र एक मखमली पिशवी घेऊन आला. आतून त्याने दोन मीटर केबल काढली. जाड, काळीशार, दोन्ही टोकांना कनेक्टर. एका कनेक्टरपासून चार बोटांवर चुन्याचा एक डाग होता.

"हे काय गा?"

"फोटोचा तुकडा. असली माल आहे सर. इन्व्हर्टरपाशी ठेवाचा, फोटो घ्याचा, पुढच्या घरी न्याचा. सारं नागपूर याच्यावर पास झालं. चार हजार घरं."

"आणि घरात?"

"घरात आपली रेग्युलर."

सर संतापले. एका तुकड्यावर चार हजार घरे पास होतात आणि कोणाला काही वाटत नाही, हे कसे, असे त्यांनी विचारले.

"सर, राग नका येऊ देऊ," जितेंद्र अदबीने म्हणाला. "शाळेत तपासणीच्या दिवशी तुम्ही तो मायक्रोस्कोप कपाटातून बाहेर काढत होते ना? साहेब गेले की पुन्हा कुलूप. मी एकदा हात लावला, तर मले तुम्ही दोन छड्या देल्या होत्या."

सरांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांनी आपल्या खऱ्या केबलचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

चार मिनिटांत उत्तर आले. 'अमान्य. केबल मान्य केबलशी जुळत नाही.'

दुसरा फोटो जवळून काढला. 'अमान्य. केबलवर ओळखचिन्ह नाही.' तिसरा उन्हात काढला. 'अमान्य. अर्जदाराने यापूर्वी दोनदा अमान्य केबल सादर केली आहे.'

सर कार्यालयात गेले. तेथे उपअभियंता बावनथडे साहेब कूलरसमोर बसले होते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की तपासणी आता संगणक करतो. मान्य झालेले चार हजार फोटो दाखवून त्याला केबल ओळखायला शिकवले आहे. त्या चार हजारही फोटोंत चुन्याचा डाग आहे. तेव्हा डाग असलेली ती केबल.

"पण साहेब, तो एकच तुकडा आहे!"

"म्हणूनच तर एकसूत्रीपणा आला. पहिले प्रत्येक घरी वेगळी केबल निघे."

"तुम्ही एकदा घरी येऊन पाहा. हात लावून पाहा."

"प्रत्यक्ष पाहणी आम्ही बंद केली सर. तिच्यात आणि फोटोत फार तफावत येऊन राहिली होती."

"माझी केबल खरी आहे."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? खरी आहे, पण मान्य नाही. उद्या सगळेच खरी केबल घेऊन आले, तर संगणकानं कोणाकडं पाहावं?"

घरी येऊन सरांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. पानवाल्याकडून चुना आणला आणि आपल्या निर्दोष केबलवर कनेक्टरपासून चार बोटे मोजून डाग दिला. सवय नसल्यामुळे तो किंचित लांबट आला. चार मिनिटांत उत्तर मिळाले. 'डाग बनावट. मान्य केबलची नक्कल केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.'

एव्हाना पारा चव्वेचाळीसवर गेला होता. मधल्या खोलीतला एसी बंद होता आणि वच्छलाबाई त्याच्याखाली डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसत होत्या. शेजारच्या कुसुमताईंची यंत्रणाही जितेंद्रनेच बसवली होती. एकावन्न तारांची. तुकड्याच्या फोटोवर ती दोन दिवसांत पास झाली होती. वच्छलाबाईंचा लाल झालेला चेहरा पाहून कुसुमताईंनीच आवाज दिला, "वच्छलाबाई, काहून तरसून राहिल्या वं? या ना इकडं, बसा दिवसभर."

वच्छलाबाई रोज अकराला शेजारी जाऊ लागल्या.

"बरं वाटते का तिथं?" सरांनी चौथ्या दिवशी विचारले.

"मस्त थंड आहे. रबर जळल्यासारखा वास येते थोडासा. पण थंड आहे."

सर जागेवरून उठले ते थेट कुसुमताईंच्या जिन्याखाली. केबलला त्यांनी हाताची मागची बाजू लावली आणि चटकन काढून घेतली.

"कुसुमताई, ही केबल जळणार आहे. आजच बंद करा."

"असं कसं म्हणता सर? पास झाल्याचा कागद आहे ना माझ्याजवळ. लॅमिनेट करून घेतला." मग थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "तुमची तर पासच नाही झाली." वच्छलाबाईंचे तिकडे जाणेही थांबले नाही; घरी चव्वेचाळीस अंश होते.

त्या संध्याकाळी सरांनी जितेंद्रला फोन केला आणि तुकडा आणायला सांगितले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज एवढा खाली कधी गेला नव्हता.

"तुम्ही पहिलेच म्हणाले असते सर! तुकडा आता नरखेडले आहे. तिकडं संत्र्याच्या बगीच्यायवाले लागले लाइनमध्ये. तिथून काटोल, मग उमरेड. तुमचा नंबर एकवीस मेले लागते."

उन्हाचे एकवीस मेपर्यंत थांबणे शक्य नव्हते आणि केबलचेही. तिसऱ्याच दिवशी दुपारी दीड वाजता कुसुमताईंच्या जिन्याखालून धूर निघाला. दोघी बाया खोकत रस्त्यावर आल्या. भिंत छतापर्यंत काळी झाली. कार्यालयाने तत्परतेने फोनवरून चौकशी केली आणि अहवाल दिला: 'सदर घरी मान्य केबल बसवल्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. मान्य केबल घटनेच्या वेळी नरखेड येथे सुस्थितीत असल्याची खात्री करण्यात आली. सबब केबल जळालेली नाही.'

रस्त्यावर सावली नव्हती. वच्छलाबाई विजेच्या खांबाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. सरांनी त्यांना घरात आणले, मधल्या खोलीत निजवले, जिन्याखाली गेले आणि परवानगी नसलेली यंत्रणा सुरू केली.

दहा मिनिटांत खोली गार झाली. वच्छलाबाईंनी डोळे उघडले. "आली का लाइन?" त्यांनी विचारले. सरांनी केबलला हात लावून पाहिला. ती गार होती. ते कितीतरी वेळ हात लावूनच उभे होते.

इन्व्हर्टर इंटरनेटला जोडलेला आणि स्वभावाने प्रामाणिक असल्यामुळे त्याने आपण सुरू झाल्याचे कार्यालयाला स्वतःच कळवले. गुन्ह्यासाठी मात्र प्रत्यक्ष पाहणीची तरतूद होती. दुसऱ्या दिवशी साडेअकराला बावनथडे साहेब जीपने आले. सोबत जितेंद्रलाही बोलावून आणले होते.

साहेबांनी केबलला बोट लावले. मग तळहात लावला. मग त्यांनी जितेंद्रकडे पाहिले.

"गरमच नाही होऊन राहिली!"

"नाहीच होणार," सर म्हणाले. "चौऱ्याऐंशी तारा आहेत."

साहेब खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ त्या केबलकडे पाहत राहिले. खरी केबल घरात बसवलेली त्यांनी एवढ्या वर्षांच्या सेवेत प्रथमच पाहिली होती. मग त्यांनी निर्णय जाहीर केला.

"सर, तुमच्यासारख्या माणसावर कारवाई करणं मले बरं नाही वाटत. तुमची केबल मी मान्य करतो. आजच. हीच आता जिल्ह्याची मान्य केबल. तो जुना तुकडा तसाही झिजला."

सरांचे डोळे भरून आले. "आभारी आहे साहेब."

"फक्त नमुना लागते. जितेंद्र, दोन मीटर काप."

"कापू नका! ती चालू आहे!" सर ओरडले आणि त्यांनी धावत जाऊन स्विच बंद केला. इतर कोणाला ते सुचले नव्हते. स्विच बंद होताच जितेंद्रने कटरने दोन मीटर केबल कापली आणि मखमली पिशवीत ठेवली.

"आता हे मधलं कसं?" सरांनी लोंबणाऱ्या दोन टोकांकडे बोट दाखवले.

"लावून देतो ना सर," जितेंद्रने खांद्यावरच्या झोळ्यातून आपली रेग्युलर काढली. कनेक्टर दुसऱ्या कंपनीचे होते. 'कट्' आवाज करून बसले. दाबयंत्र त्याने आणले नव्हते, पकड होती. "दोन मीटरनं काय होते?"

"मी महालातून आणतो. दोन तासांत आणतो. साहेब, थांबा."

"मी थांबतो सर, पण पोर्टल बाराले बंद होते. मग मंजुरी पुढच्या महिन्यात. तोवर मले यंत्रणेले सील लावून जावं लागीन."

सरांनी तोंड उघडले होते. तेवढ्यात मधल्या खोलीचे दार उघडले. एसी बंद पडून पंधरा मिनिटे झाली होती. वच्छलाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. कपाळावरचे कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "हो म्हणा ना."

सर हो म्हणाले.

फोटो पिशवीतल्या नव्या तुकड्याचा काढण्यात आला. मंजुरी चार मिनिटांत आली. साहेबांनी नव्या सांध्यावर लाखेचे सील लावले. सील तोडल्यास मंजुरी रद्द होते, हे त्यांनी जाता जाता आपुलकीने सांगितले.

तेव्हापासून वच्छलाबाई अकरा ते पाच थंड खोलीत असतात. त्यांची तब्येत चांगली आहे. कुसुमताईही भिंतीचा रंग होईपर्यंत तेथेच येऊन बसतात. चंद्रभान सर मात्र त्या वेळेत जिन्याखाली खुर्ची टाकून असतात. मांडीवर ओले फडके, शेजारी वाळूची बादली. दर दहा मिनिटांनी ते हाताची मागची बाजू त्या सांध्याला लावतात आणि काढून घेतात. आतून आवाज येतो, "अहो, आत या ना. तिथं उकाड्यात काय करून राहिले?" सर म्हणतात, "काही नाही वं. बसलो."

नवा तुकडा आल्यापासून तपासणीचा दर्जा बराच उंचावला आहे. आजवर त्यावर नऊशे घरे मान्य झाली असून त्यांत वाचकांपैकीही काहींची असतील. त्यांनी चिंता करू नये. तुमचा फोटो उत्तम आला आहे. हे वाचून झाल्यावर तुम्ही उठून जिन्याखाली जाणार नाही आणि केबलला हात लावून पाहणार नाही, याची कार्यालयाला खात्री आहे. या सहकार्याबद्दल कार्यालय आपले आभारी आहे.