हार्लेम मुक्कामी पायपेटी तिसऱ्या मजल्यास चढली, त्याची हकीकत

प्रथम वंदन कप्पीस, दुसरे दोरास, आणि तिसरे त्या दोन असामींच्या दंडांस, ज्यांच्या जोरावर ही हकीकत लिहावयास उरली. लिहिणारास समोरच्याच घरी राहून बावीस वर्षे जाहली. जे घडले ते खिडकीत बसून स्वनेत्रे पाहिले, आणि जे दिसले नाही ते पेटी चढली त्या घराच्या तळमजल्यावरील त्रुसबाई, वय वर्षे एक्याऐंशी, यांजकडून वदवून घेतले. बाई एक ऐकतात आणि तीन सांगतात, सबब दोन वजा करून येथे लिहिले आहे. आपण स्वतः मदतीस का धावला नाहीत, ऐसे कोणी पुसेल, तर लेखणी धरणाराने दोर धरू नये, ऐसा आमचा दस्तूर; शिवाय कंबर धरली होती.

तर समोरील तिसऱ्या मजल्याचे धनी दोन. थोरले गेर्लोफराव, मूळचे उत्तरेकडील फ्रीजलंड प्रांतीचे, उंचीने चौकटीस कपाळमोक्ष करून घेणारे, घड्याळे दुरुस्त करण्याचे व्यसन; घरी घड्याळे चौदा, आणि चौदाही निरनिराळी वेळ सांगतात. धाकटे बास्तियानपंत, खासे हार्लेमचे, पाव भाजण्यात आणि मोजे विणण्यात पटाईत, गळा ऐसा की गुरुवारच्या गायनमंडळीत शेजारी उभे राहून एकदा वरचा सूर लाविला, तो गेर्लोफरावांचे चित्त जे उडाले ते आजतागायत ठिकाणावर नाही. एकत्र राहून एकोणीस वर्षे, आणि रीतसर लग्न होऊन अकरा. घरचा कायदा उभयतांनी मसलत करून ठरविला होता, तो असा की, खिडकीचा पडदा कधी ओढू नये, कारण लपविण्याजोगे येथे काही नाही. नवे काही विकत आणू नये, जुनेच दुरुस्त करावे. आणि जड काम कोणी एकट्याने करू नये, दोघांनी एकाच बाजूस, एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून करावे, म्हणजे घरात वरचा-खालचा कोणी राहणार नाही. कायदा उत्तम, यात वाद नाही. पुढील सर्व घोटाळा त्यातूनच निघाला.

गेर्लोफरावांचे तीर्थरूप वित्सेराव, वय अठ्ठ्याहत्तर, फ्रीजलंडीच राहत. ते एकोणीस वर्षांत या घराचा जिना चढले नव्हते. कारण विचारता गुडघे सांगत. हेच गुडघे त्यांस दर वर्षी कौले शाकारण्यास छपरावर नेत, आणि कालवा गोठला की बर्फावर वीस कोस पळवीत, ही गोष्ट अवघ्या प्रांतास ठाऊक. परंतु बापाच्या गुडघ्याशी लेक काय हुज्जत घालणार? पत्र येई ते एकट्या गेर्लोफच्या नावे. भेट व्हावयाची ती रेल्वे ठेसनावर, उभ्याउभ्या, आणि बास्तियानपंत त्यांस "वित्सेसाहेब" म्हणत, आणि साहेब हवेकडे पाहून मान हलवीत. गेर्लोफराव हे बोलून दाखवीत नसत, पण बाप येऊन गेला की आठ दिवस एकाही घड्याळास हात लावीत नसत.

त्या हिवाळ्यात मातोश्री जिकेबाई निवर्तल्या. त्यांची पायपेटी, ओक लाकडाची, दोन माणसांच्या वजनाची, जिच्या भात्यावर बाई पाय मारीत आणि लहानगा गेर्लोफ मांडीवर बसून पट्ट्या दाबी, ती आता वित्सेरावांच्या नव्या लहान घरी मावेना. म्हणोन एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी वित्सेराव मोटारीस गाडा जोडून, समुद्रातील बांधाच्या वाटेने, कोणास वेळ न कळविता पहाटेच निघाले आणि पावणेदहास दारी दाखल जाहले.

उतरताच फर्मान सुटले, ते अक्षरशः असे: "मी पेटी पोचवायला आलोय, गप्पा मारायला नाही. चढवा, आणि मी निघतो."

"बाबा, कॉफी तरी?" गेर्लोफ म्हणाले.

"गुडघे."

आता येथील घरांचे जिने शिडीसारखे उभे, माणूस चढतो तेच नशीब. सबब घराच्या माथ्यास लोखंडी आकडा असतो, त्यास कप्पी बांधून सामान बाहेरून खिडकीवाटे आत घेतात. मोहिमेची मसलत तीन संध्याकाळ चालली होती. खिडकी चौकटीसह काढून ठेविली, सतरा कुंड्या मोरीत हलविल्या, होडीवाल्या मित्राकडून जुना दोर आणि दुहेरी कप्पी मागून आणिली, आणि पेटी भिंतीवर आदळू नये म्हणोन बाजूचा लहान दोर त्रुसबाईंच्या हाती दिला. बाईंनी गळ्यात शिट्टी अडकविली आणि तत्काल सेनापतीपद बळकाविले.

मग शिट्टी झाली, आणि दोघे वीर दोरास भिडले, आणि बास्तियानपंतांनी गायनमंडळीचा ताल धरिला, आणि पेटी भूमी सोडून उठली, आणि पहिला मजला घेतला, आणि रस्त्यातील सायकली जागीच थबकल्या, आणि दुसरा मजला घेतला, आणि वाऱ्याने पेटी झुलू लागली तसा तिचा भाता आपोआप श्वास घेऊ लागून आतून "हूंऽऽ" ऐसा सूर निघाला, जणू जिकेबाईच गळा साफ करीत होत्या, आणि वित्सेरावांची टोपी हातात आली, आणि मग पेटी तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिंडारासमोर बरोब्बर येऊन ठाकली. फत्तेचा हर्ष ऐसा की आम्ही खिडकीत चहा सांडला.

तेव्हा त्रुसबाईंनी वर पाहिले, मग खाली पाहिले, मग पुन्हा वर पाहिले.

"अरे मेल्यांनो," बाई ओरडल्या, "पण वर कोण आहे?"

वर कोणीही नव्हते. कायद्याबरहुकूम दोघेही खाली, एकाच बाजूस, खांद्याला खांदा लावून उभे होते. तीन संध्याकाळच्या मसलतीत एकाने वर आणि दुसऱ्याने खाली राहावे, हा विचार उभयतांच्या मनास शिवलासुद्धा नव्हता.

"तू म्हणाला होतास सगळं एकत्र करायचं!" गेर्लोफ म्हणाले.

"मग? करतोय ना एकत्र! एकत्रच मरू आता!" पंत म्हणाले, आणि त्या संकटातही त्यांस हसू फुटले, आणि दोर वीतभर सुटला, आणि पेटी वीतभर खाली आली, आणि रस्त्याने आई गं म्हटले.

दोर कठड्यास बांधून एकाने वर धावावे, तर दोर तीन हात आखूड. नवा आणणे कायद्यात नाही. त्रुसबाईंस वर पाठवावे, तर बाई म्हणाल्या, "सेनापती जागा सोडत नसतो." आमच्या खिडकीकडेही एकदा सर्वांनी पाहिले, आम्ही कंबरेवर हात ठेविला.

मग वित्सेरावांनी दुसरे फर्मान काढिले. "उतरवा. नाही जमत तर नाही जमत. मी परत घेऊन जातो."

हे ऐकताच गेर्लोफरावांचा चेहरा उतरला. पेटी परत गेली म्हणजे बापही गेला, आणि ही वाट पुन्हा कधी उघडायची नाही, हे त्यांस कळले. पण तोंडून शब्द निघेना, कारण त्या घराण्यात शब्द निघण्याची चाल नाही. आणि मग बास्तियानपंत, घामाने निथळत, दोन्ही तळहात सोललेले, एकोणीस वर्षांचा सारा अदब विसरून ओरडले:

"बाबा, वर जा की! दार उघडंच आहे!"

पंतांस स्वतःचेच शब्द ऐकू आले आणि ते कानापर्यंत लाल जाहले. वित्सेरावांनी त्यांजकडे पाहिले, हवेकडे नव्हे, त्यांजकडे. मग झुलत्या पेटीकडे पाहिले. मग टोपी खिशात कोंबली आणि आत शिरले. पायऱ्या एकोणपन्नास. त्रुसबाई शपथेवर सांगतात की दोन-दोन चढल्याचा आवाज आला.

खिंडारात म्हातारा उभा राहिला, आणि त्याने एक हात चौकटीस आणि एक हात पेटीस घातला, आणि वरून जे हुकूम सुटले ते अवघ्या गल्लीने ऐकले: "ओढ! आता थांब! सोड, हळू सोड! गेर्लोफ, बैलासारखा ओढू नकोस! त्याच्याकडे बघ, तो कसा सोडतोय बघ!" आणि पेटी आत गेली, आणि जमिनीस टेकली, आणि सायकलवाल्यांनी घंटा वाजविल्या.

दोघे धापा टाकीत वर पोचले तो पेटी जागेवर, आणि वित्सेराव गायब. गेर्लोफराव उलटपावली जिन्याकडे वळले. मग शौचकूपातून पाण्याचा आवाज आला, परंतु दार उघडेना. पाव घटका गेली. त्या जागी भिंतीवर वाढदिवसांचे कॅलेंडर असते, वार नसलेले, वर्षानुवर्षे तेच चालणारे. या मुलखात घरोघरी तेथेच टांगतात, म्हणजे रोज पाहिले जाते. अखेर दार उघडले.

"जिके अजून आहे त्यावर," वित्सेराव म्हणाले.

"मग? काढायचं कशाला?" पंत म्हणाले.

"अक्षर ओळखीचं आहे. दर वर्षी मला कार्ड येतं, ते..."

"मीच लिहितो. ह्याला तारखा लक्षात राहत नाहीत."

"लहानपणीही राहत नव्हत्या गाढवाला," वित्सेराव म्हणाले, आणि खिशातून टोपी काढून तिने नाक पुसले.

मग तिघे बसले. कॉफी आली, आणि बिस्किटांचा डबा फिरला, आणि दस्तुराप्रमाणे प्रत्येकी एक देऊन पंतांनी झाकण लाविले. कारण या मुलखात कॉफीसंगे बिस्किट एकच, दुसऱ्यास यजमानाने म्हणावे तरच, आणि परक्याच्या घरी डब्यास स्वतः हात लावणे म्हणजे केवळ बेअदबी. खिडकी उघडी, पडदा नाही, सबब पुढील प्रकार आम्ही आणि सर्व गल्लीने लख्ख पाहिला. वित्सेराव उठले, पेटीपाशी बसले, भात्यावर पाय मारिला. तो सूर वाऱ्यावर रस्त्यात आला, आणि बास्तियानपंतांनी वरचा सूर धरिला, आणि गेर्लोफराव रडत होते की हसत होते ते दुरून कळले नाही. चौदा घड्याळांपैकी तीन घड्याळांत तेव्हा बारा वाजले.

मग वित्सेरावांनी डावा हात लांबविला, डबा ओढिला, कोणासही न विचारता झाकण उघडिले, आणि दुसरे बिस्किट घेतले.

येणेप्रमाणे एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी गड सर जाहला. साक्ष त्रुसबाई, शिट्टीसह. दस्तुरखुद्द समोरचा खिडकीवाला. डबा उघडाच राहिला, ऐसे नमूद असे.